पान न खुडलेला मंगळवार

देवीवर माझा विश्वास होता, पण देवीशी माझं पटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा कूस रिकामी झाली. गावात कुणाचं बारसं असलं की डोकेदुखीचं निमित्त काढून मी घरी बसायची. देवळासमोरून जाताना हात जोडायची खरी, पण मनातल्या मनात देवीला दोन शब्द सुनवल्याशिवाय पुढं सरकायची नाही. सासूबाईंचं तसं नव्हतं. केळव्याची शितळादेवी म्हणजे त्यांना घरातली थोरली बाई. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तिला सांगायचं आणि म्हैस व्याली तरी तिला सांगायचं. त्यांनी माझ्यासाठी नवस बोलून ठेवला होता. मुलगा होवो की मुलगी, बारसं झालं की पोराची घराबाहेरची पहिली फेरी देवीकडे. तिच्या पायाशी पोर निजवायचं, कौल घ्यायचा आणि मगच दुसरीकडे कुठं न्यायचं. तिसऱ्या खेपेला मला मुलगी झाली. सासूबाईंनी सुइणीच्या हातातून तिला घेतलं आणि म्हणाल्या, "आली गं माझी बाय!" त्या दिवसापासून घरात तिला सगळे बायच म्हणू लागले. बारशाला नाव सुमन ठेवलं, पण ते नुसतं पाळण्यापुरतं.

तारापूरला अणुवीजकेंद्राचं मोठं बांधकाम चाललं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. लोक त्याला नुसतं 'अॅटम' म्हणायचे. कुठून कुठून माणसं कामाला आली होती, खडीचे ट्रक दिवसभर धुरळा उडवत पळायचे. आमच्या केळव्यात मात्र नारळी, पोफळी आणि पानवेल. आमचीही पानाची वाडी होती. पानवेल फार सोवळी. वाडीत शिरताना वहाणा बाहेर काढायच्या, विटाळशी बाईनं तिकडे फिरकायचं नाही, आणि आमच्या घराण्यात तर मंगळवारी वेलीला नख लावायचं नाही. मंगळवार देवीचा, त्या दिवशी पान खुडलं तर वेल सुकते म्हणत. सोमवारी खुडलेली पानं संध्याकाळच्या आत करंड्यांत भरून स्टेशनावर जायची आणि मंगळवारी वाडी अगदी गप्प असायची. मला तो नियम फार आवडायचा, कारण त्या दिवशी जरा पाठ टेकायला मिळायची. भक्तीबिक्ती काही नव्हती त्यात.

सासूबाईंना पानाचा भारी अभिमान. खोकला झाला, पान. पोट दुखलं, पान. गावातल्या निम्म्या बायका पोरं काखोटीला मारून त्यांच्याकडे यायच्या. कोवळं पान वेलीवरून ताजं आणायचं, पाट्यावर ठेचून पिळायचं, त्यात मधाचं बोट फिरवायचं आणि पोराला चाटवायचं. शिळ्या पानाला त्या हात लावायच्या नाहीत. म्हणायच्या, "शिळं पान बोकडाला घाला, बाळाला नाय." त्यांच्या हाताला गुण होता, हे मी स्वतः पाहिलेलं. म्हणून बायनं पहिल्यांदा दूध ओकलं तेव्हा त्यांनी रोजच्यासारखं पान ठेचलं आणि मी ते मुकाट्यानं पाजू दिलं.

बाय जन्मली तेव्हा अगदी धडधाकट होती. रडली, प्यायली, काळी शी केली, सगळं रीतीप्रमाणे झालं. बारसं होईपर्यंत कुणाला काही वावगं दिसलं नाही. मग मध्येच एखाद्या वेळी प्यायला नको म्हणायची, पाय पोटाशी घेऊन कळवळायची आणि ओकायची. ओकलेलं हिरवं असायचं. तुम्ही म्हणाल, हिरवं ओकलं तर घाबरायला नको होतं का? अहो, पानाचा रस हिरवाच की! सकाळी चाटवलेलं दुपारी बाहेर आलं, एवढंच आम्ही समजलो. सासूबाई तर उलट खूश व्हायच्या. "बघ, पानानं कफ ओढून काढला. आता कशी निवांत निजेल." आणि खरोखर ती निजायची. अर्धा दिवस छान जायचा, दूध प्यायची, माझ्याकडे बघत बसायची. मग पुन्हा तेच. पान पिकवणाऱ्या घरात हिरव्या रंगाची भीती वाटायचं काही कारणच नव्हतं.

माझं मन मात्र खात होतं. एकदा मी म्हटलं, "आई, हिचं काहीतरी बरं नाही. पालघरला डॉक्टरला दाखवू या का?" त्या पाट्यावरून वर न बघता म्हणाल्या, "पाच पोरं वाढवली मी. तुला पहिलंच हाय, म्हणून जीव वरखाली होतो. मंगळवारी देवीच्या पायाशी घालू, मग कुठं न्यायची तिकडे ने." हे पानाच्या व्यापाऱ्याकडे सुरतेला गेले होते, ते असते तर त्यांच्यामागे लकडा लावला असता. बाळंतिणीचं ऐकतो कोण? कान बांधून, शेक घेऊन खोलीत पडायचं आणि छताचे वासे बघायचे. मी बायला छातीशी धरून बसायची आणि देवीला म्हणायची, दोनदा नेलंस, आता हिला हात लावशील तर याद राख. प्रार्थना म्हणतात ती ही, तर तशी.

मंगळवार उजाडला तेव्हा बाय मलूल होती. सकाळी थोडंसं दूध प्यायली आणि गप्प पडून राहिली. वेलीला नख लावायचं नव्हतं म्हणून रस नव्हता. आदल्या दिवशीची पानं गावाबाहेर गेलेली. बैलगाडीतून आम्ही देवळात गेलो. मी, सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर नव्या झबल्यातली बाय. देवळात गर्दी नव्हती. खांबाला टेकून एक परकी बाई बसली होती, माझ्याच वयाची, नऊवारी घाटावरच्या धाटणीची, मांडीवर एक घडी केलेला खण. तिनं हात जोडले नव्हते. ती देवीकडे टक लावून बघत होती, दाराशी उभ्या राहिलेल्या वसुली करणाऱ्या माणसासारखी. मला तिचं नवल वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. म्हटलं, चला, देवीवर रुसणारी मी एकटीच नाही.

गुरवांनी बायला देवीच्या पायाशी पांढऱ्या पंच्यावर निजवलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार, आणि पाकळी पडेपर्यंत मूल देवीचं, त्याला उचलायचं नाही, अशी आमची रीत. सासूबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. इतक्यात बायनं अंग आखडलं, पाय पोटाशी घेतले आणि भडाभडा ओकली. पांढऱ्या पंच्यावर हिरवंगार पसरलं. मी पुढं झाले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. "अगं, पानाचा रस तो. येऊ दे बाहेर."

खांबाजवळची बाई ताडकन उठली. "अवो, हिरवं वकली!" ती जवळजवळ ओरडलीच. "किती दीस झालं वकतीया? अशीच हिरवी वकतीया का?"

"पानाचा रस देतो आमी," सासूबाई जरा घुश्शातच म्हणाल्या. "घरचं पान हाय. तुमी घाबरू नका."

"आज दिला?" तिनं विचारलं. सासूबाईंना नाही, मला.

मी हो म्हणणार होते. आज मंगळवार. आज पान खुडलंच नव्हतं. कालचा रस काल सकाळी पाजलेला, त्यावर कितीदा तरी ती दूध प्यायली होती. मग हे हिरवं आलं कुठून? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्याही ते ध्यानात आलं होतं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांचीच कीव आली. इतकी वर्षं ज्या पानावर त्यांनी जीव टाकला, त्या पानानं आमच्या डोळ्यांवर पडदा धरला होता, आणि तो एका मंगळवारी बाजूला झाला.

त्या बाईचं नाव शेवंता. सोलापूरकडची. नवरा अॅटमच्या कामावर खडीचा ट्रक चालवायचा. तिनं आम्हाला उभ्याउभ्या सांगितलं ते असं. तिला पहिली मुलगी झाली, अशीच चांगली, अशीच हिरवी ओकायला लागली. दृष्ट लागली म्हणून तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, अंगारा लावला. मुंबईच्या इस्पितळात पोचेपर्यंत पोरीचं पोट काळंनिळं पडलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की काही पोरांचं आतडं पोटात जन्मापासूनच वेडंवाकडं बसलेलं असतं, त्याला पीळ पडतो आणि पित्त वर येतं, तेच हे हिरवं. तान्हं बाळ हिरवं ओकलं तर क्षणभरही थांबायचं नाही. "मला हे मागनं कळलं," ती म्हणाली. "तुमाला आत्ता कळतंय. उठा, उचला पोरीला. माझा मालक भाईर ट्रक घिऊन हुबा हाय. पालघरला आगगाडी धरू, थेट मुंबई गाठू."

मी वाकले, तर सासूबाई आडव्या झाल्या. "पाकळी पडू दे. देवीच्या पायाशी घातलेली पोर कौलाशिवाय उचलायची नाय. आजवर कुणी उचलली नाय." त्या दुष्ट नव्हत्या, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. त्या घाबरल्या होत्या. आधीची दोन गेलेली होती आणि देवीचा कोप झाला तर हीही जाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आम्ही पाकळ्यांकडे बघत राहिलो. दोन्ही पाकळ्या दगडाला चिकटून बसल्या होत्या. समईची ज्योत हलेना, पाकळी हलेना. बाय पंच्यावर कण्हत होती, रडणंसुद्धा नाही, नुसतं कण्हणं. शेवंता दाराशी जायची, परत यायची, हात चोळायची. माझ्या छातीत दूध दाटून आलं होतं आणि कपाळावरून घाम ओघळत होता. होकार दे, नकार दे, पण काहीतरी दे, असं मी देवीला विनवत होते. देवी बोलेना.

मग माझ्या मनात काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. राग होता का? होता. पण रागाच्या खाली एकदम शांत वाटलं. देवी बोलत नाही, असं मी कशी म्हणत होते? आज मंगळवार होता, पान खुडलं नव्हतं, आणि या देवळात आज नेमकी ही बाई बसलेली होती. आणखी किती मोठ्यानं बोलायचं तिनं? मी म्हटलं, "आई, तुम्ही विचारत बसा. मी चालले." आणि बायला उचललं. गुरव म्हातारे होते, ते रागावतील म्हणून मी डोळे खाली घातले. पण ते म्हणाले, "जा पोरी, जा. कौल बघायला मी हाय इथं." तो कौल काय लागला, हे मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

ट्रकच्या पुढच्या बाकावर शेवंता आणि मी चढलो. गाडी चालू झाली तेवढ्यात देवळातून सासूबाई धावत आल्या, डोक्यावरचा पदर सुटलेला, पूजेचं ताट आतच राहिलेलं. जन्मात कधी मोटारीत न बसलेली ती बाई ड्रायव्हरच्या हाताला धरून वर चढली आणि माझ्याशेजारी अंग चोरून बसली. बायच्या तळपायावर हात ठेवून बसल्या, तो पालघर येईपर्यंत काढला नाही.

रस्ता कसला, नुसते खड्डे. प्रत्येक धक्क्याला बाय कळवळायची. तिला भूक लागली होती, तोंड वळवून ती माझं पोलकं चोखायला बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "पाज गं तिला, घसा सुकला." शेवंता म्हणाली, "न्हाई. दूध द्यू नका. वकली की अजून पीळ घट हुतो, मला डॉक्टरनं सांगितलंया." आता बघा, एका बाजूला पाच पोरं वाढवलेली सासू आणि दुसऱ्या बाजूला घटकाभरापूर्वी भेटलेली परकी बाई, जिचं एकुलतं एक पोर गेलेलं. मी कुणाचं ऐकायचं? माझा पदर दुधानं भिजला होता आणि माझं पोर भुकेनं तोंड फिरवत होतं. मी तोंड दुसरीकडे केलं आणि पाजलं नाही. यापेक्षा अवघड गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही. उपासतापास, अनवाणी चालणं, सगळं त्यापुढं पोरखेळ.

पालघरच्या फाटकाशी आलो तेव्हा सुरतेकडून येणारी गाडी स्टेशनात शिरताना दिसली. फाटक बंद. आता ही गाडी गेली की पुढची संध्याकाळी. शेवंताच्या नवऱ्यानं ट्रक तिथंच रस्त्यात उभा केला, बायला माझ्या हातातून घेतलं आणि रुळांच्या कडेनं पळत सुटला. आम्ही तिघी मागून. ओली बाळंतीण पळताना तुम्ही पाहिली नसेल. मी पळाले. गार्डानं शिट्टी तोंडाला लावली होती ती आम्हाला बघून खाली घेतली. त्यानं आपल्याच डब्याचं दार उघडलं. ट्रकवाल्यानं बायला आत दिलं आणि तो मागे राहिला. शेवंता गाडीत चढली. मी म्हटलं, "तुम्ही कशाला येता? घरी..." ती म्हणाली, "इस्पितळाचं दार तुमाला घावायचं न्हाई. मला ठावं हाय."

गाडीत बायनं एकदा शी केली. बाळोतं बघितलं तर त्यावर लाल. मी ते पटकन गुंडाळून ठेवलं, सासूबाईंना दिसू नये म्हणून. पण शेवंतानं पाहिलं होतं. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पदर तोंडात कोंबला. तेव्हा मला कळलं की तिनं हे लाल आधी पाहिलंय आणि ते कुठल्या वेळी दिसतं हेही तिला माहीत आहे. बाय आता कण्हतही नव्हती. हात गार, ओठ सुकलेले. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन बडबडत राहिले, काय बडबडले देव जाणे. वाडीतल्या वेलींची, मांजरीच्या पिलांची, अशीच काहीबाही. गप्प बसले तर ती जाईल, असं मला वाटत होतं.

मुंबईला उतरून इस्पितळात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेवंता पुढं आणि आम्ही मागं. कुठला जिना, कुठलं वळण, कुठल्या खिडकीशी न थांबता थेट आत जायचं, सगळं तिला पाठ होतं. एका दाराशी आल्यावर मात्र ती थबकली. भिंतीला हात टेकून उभी राहिली. याच दारातून तिनं आपली मुलगी आत दिली होती आणि इथंच परत घेतली होती. मला वाटलं, ही आता कोसळते. पण तिनं दार ढकललं आणि मोठ्यानं म्हणाली, "तान्हं पोर हाय. हिरवं वकतंया. रगत बी पडलंया." एवढं एक वाक्य ऐकलं आणि आतली माणसं धावली. माझ्या हातातून बायला कुणी घेतलं ते मला दिसलंही नाही.

दार बंद झालं आणि आम्ही तिघी बाहेर फरशीवर बसलो. सासूबाई आपल्या तळव्यांकडे बघत होत्या. "मी माझ्या हातानं रस पाजला गं." एवढंच म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मी त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. सासूसुनेचं आमचं कधी गोडगोड नव्हतं, पण त्या घटकेला ती माझी आई होती. मी देवीला हाक मारायला गेले तर माझ्याकडे शब्दच उरले नव्हते. नवस बोलावा तर काय बोलणार? धमकी द्यावी तर कशाची? आतापर्यंत मी देवीशी सौदा करत होते, नाहीतर भांडत होते. त्या फरशीवर दोन्ही संपलं. मी नुसते हात मांडीवर उघडे ठेवून बसले. वाचव, असंही म्हटलं नाही. तुझी आहे, एवढंच म्हटलं. आणि ते म्हणताना मला भयंकर भीती वाटत होती, हेही सांगते. शरण जाणं म्हणजे भीती जाणं, असं जे कुणी सांगतं ते खोटं आहे.

डॉक्टर बाहेर आले ते तरुण होते, थकलेले. म्हणाले, "आतडं जन्मापासून जागेवर बसलेलंच नाही. अधूनमधून पीळ पडायचा आणि आपोआप सुटायचा, म्हणून मधले दिवस बरे जायचे. आज सुटला नाही. पीळ सोडवला तेव्हा आतडं काळसर पडलं होतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून आम्ही वाट बघत बसलो." मी विचारलं, "मग?" ते म्हणाले, "मग गुलाबी झालं." सासूबाई मध्येच म्हणाल्या, "पानाच्या रसानं झालं का वो ते?" डॉक्टर हसले. "नाही आजी. रसानं काही बिघडलं नाही. कुणाच्याच हातून काही झालेलं नाही. पण थोडा वेळ आणखी गेला असता तर माझ्या हातातही काही राहिलं नसतं." मी शेवंताकडे वळले. ती तिथं नव्हती. गुलाबी झालं, एवढं ऐकून ती उठून गेली होती, असं दाराशी बसलेल्या बाईनं सांगितलं.

बाय घरी आली, अंगाला लागली, पोटावर आडवा वण घेऊन अंगणभर रांगायला लागली. हे सुरतेहून आले ते थेट इस्पितळात आले होते. नंतर यांच्याच मागं लागून मी तारापूरच्या वस्तीवर शेवंताचा शोध घेतला. खडीच्या ट्रकवाल्यांत विचारत विचारत तिची पत्र्याची खोली सापडली. मी पानं, नारळ, लुगडं असं काय काय नेलं होतं. तिनं ते बाजूला सारलं आणि बायला मांडीवर घेतलं. झबलं वर करून वणावरून बोट फिरवलं. मी विचारलं, "त्या दिवशी देवळात तुम्ही कशाला आला होता?" ती म्हणाली, "बाळंत हुयाच्या आधी खण बोलले हुते. पोर गेली. शेजारणी म्हनल्या, बोललेलं ठिवू नये. म्हनलं, चला, खण तिच्या अंगावर फेकून येते आणि भांडून येते. तर तुमची पोरगी मदीच वकली." आणि ती हसली. मीही हसले. कुणी म्हणेल, हसायचं ते काय त्यात? पण आम्ही दोघी हसलो खरं.

मग हसता हसता ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, माझी जगली असती का वो?"

देवाची इच्छा, असं म्हणता आलं असतं. तिचं आयुष्यच तेवढं होतं, असंही म्हणता आलं असतं. सगळे हेच म्हणतात आणि म्हणून मोकळे होतात. पण मला बाहेर येऊन बोलणारा तो तरुण डॉक्टर आठवत होता. मी म्हटलं, "हो. वेळेवर नेली असती तर जगली असती."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. समदी म्हनत्यात देवाची विच्छा. मला वाटायचं, देवाला माझी पोरगी नकु हुती." तिनं बायला उचलून छातीशी धरलं आणि मग रडली, अशी रडली की बाहेरून तिचा नवरा धावत आला. बाय न घाबरता तिच्या मंगळसूत्राशी खेळत राहिली.

माझी मुलगी देवीनं वाचवली, असं मी आजही म्हणते. सुमनला आता तिची मुलं आहेत. पण त्या दिवसापासून दुसऱ्याच्या दुःखावर मी देवाच्या इच्छेचं झाकण कधी घातलेलं नाही. आपल्याला शरण जायचं असेल तर आपण जावं, दुसऱ्याला त्याच्या पोराच्या चितेपाशी ते शिकवू नये. एवढं मला कळलं, आणि तेही माझं नाही, शेवंतानं दिलेलं आहे. देवळात गेले की माझ्या आणि शेवंताच्या, दोघींच्या नावानं ओटी भरते. आणि आई, माझी ठेवलीस, तिची का नाही ठेवलीस, असं देवीला विचारते. तिनं अजून सांगितलेलं नाही. विचारून झालं की मी डोकं टेकवते आणि घरी येते.